वरून कोरडे, आतून ओले : होडी-वल्ह्यांवरील इपॉक्सीचा लेप पक्का कसा करावा?

काही वर्षांपूर्वीची गोष्ट आहे. जुलैचा पहिला आठवडा होता. प्रस्तुत लेखकाच्या शेडमध्ये कृष्णाकाठच्या एका होडी संघाची चार वल्ही दुरुस्तीला आली. शर्यती तोंडावर आल्या होत्या, त्यामुळे घाई होती. वल्ह्यांची पाती चिरली होती. लाकूड घासून त्यावर काचेचे कापड चढवायचे आणि वरून इपॉक्सीचे दोन थर द्यायचे, असे ठरले. बाहेर संततधार चालू होती. हवा गार आणि दमट. 'लवकर सेट होऊ दे' म्हणून हाताखालच्या मिस्त्रीने हार्डनरचा हात जरा सैल सोडला. दोन दिवस झाले तरी बोट लावले की चिकटत होते. तिसऱ्या दिवशी पोरांनी वरून टाल्कम पावडर चोळली, चिकटपणा दिसेनासा झाला आणि वल्ही गेली.

आठव्या दिवशी संघाचा नावाडी पाते हातात घेऊन दारात उभा राहिला. "काय वो मिस्त्री, पापड सोलल्यागत निघालं की हे!" पाण्यात गेलेला लेप पांढरा पडून कापडासकट सुटला होता. पैसे परत करावे लागले, माल वाया गेला आणि गिऱ्हाईक तुटले. शेडमध्ये त्या दिवशी सगळ्यांच्या तोंडी एकच शब्द होता : पाऊस. पावसाने घात केला. कोणी म्हणाले, माल डुप्लिकेट होता. खरे कारण शोधायला पुढे पुष्कळ दिवस लागले. ते कारण पावसात नव्हते आणि डब्यातही नव्हते. ते आमच्या हातात होते. फायबर, पेंटिंग आणि सुतारकामातील आपल्या बांधवांचा तोच तोटा वाचावा म्हणून हा लेख लिहिला आहे.

कामाला वाव कोठे आहे?

सातारा-सांगलीला समुद्र नाही, मग पाण्यातल्या खेळांच्या साहित्याचे काम येथे कोठून येणार, असे कोणी विचारील. जरा नजर फिरवा. महाबळेश्वरच्या वेण्णा तलावात वल्ह्याच्या आणि पायडलच्या होड्या चालतात. कोयना धरणाच्या शिवसागर जलाशयात तापोळा आणि बामणोली येथे होड्यांचा मोठा राबता असतो. वासोटा किल्ल्याला जाणारे पर्यटक बामणोलीहून होडीनेच जातात. जावळी तालुक्यातील मुनावळे येथे २०२४ मध्ये राज्य शासनाचे जलपर्यटन केंद्र सुरू झाले. सांगलीत कृष्णेच्या पात्रात पावसाळ्यात होड्यांच्या शर्यती होतात आणि नदीकाठची गावे त्यांत ईर्ष्येने उतरतात. कराडहून कुंभार्ली घाट उतरला की चिपळूण, आणि पुढे सारा कोकण किनारा आहे.

याखेरीज पुराच्या होड्या आहेत. सांगलीत आयर्विन पुलाजवळ धोक्याची पातळी ४५ फूट धरतात. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पाणी ५७ फुटांच्याही वर गेले होते. २००५ आणि २०२१ चे पूरही लोक विसरलेले नाहीत. ८ ऑगस्ट २०१९ रोजी पलूस तालुक्यातील ब्रह्मनाळ येथे पुरातून माणसे बाहेर काढणारी होडी उलटली आणि अनेकांचे प्राण गेले. होडीत क्षमतेपेक्षा जास्त माणसे बसली होती, असे त्या वेळी सांगण्यात आले. लेपाशी त्या दुर्घटनेचा संबंध नव्हता. पण नदीकाठच्या गावात होडी म्हणजे काय, हे त्या दिवशी सर्वांना कळले. आज शर्यतीसाठी दुरुस्त केलेली होडी उद्या पुरात एखाद्या म्हातारीला आणायला जाऊ शकते. म्हणून हे काम केवळ चकचकीत दिसून भागत नाही.

साताऱ्याच्या आणि कुपवाड-मिरजेच्या औद्योगिक वसाहतींत फायबरचे काम जाणणारे हात पुष्कळ आहेत. गाड्यांचे बंपर, टाक्या, दरवाजे ही कामे ते रोज करतात. होडी-वल्ह्यांचे काम त्यांना जड नाही. अडते ते फक्त एका ठिकाणी : लेप पक्का होत नाही.

वाळणे वेगळे, पक्के होणे वेगळे

मिरजेचे सतारमेकर आपणा सर्वांना ठाऊक आहेत. शस्त्रांना धार लावणाऱ्या शिकलगार घराण्यातील फरीदसाहेबांनी एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास तंतुवाद्ये करण्यास आरंभ केला. तलवारींचे दिवस संपत आले तेव्हा त्या हातांनी नवा धंदा उचलला. त्या वाद्यांना २०२४ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळाले. सतारीवर चपडा लाखेचे पॉलिश करतात. लाख स्पिरिटमध्ये विरघळवायची आणि कापडाच्या बोळ्याने थरावर थर द्यायचे. स्पिरिट उडून जाते, लाख मागे राहते. याला वाळणे म्हणतात. वारा लागला, ऊन लागले की ते लवकर वाळते. उलट, त्यावर पुन्हा स्पिरिट पडले की लाख विरघळते.

इपॉक्सीत असे काही उडून जात नाही. डब्यातील रेझिन आणि बाटलीतील हार्डनर एकमेकांशी जोडले जातात आणि त्यांची एक घट्ट जाळी तयार होते. रेझिनच्या प्रत्येक कणाच्या दोन्ही टोकांना एकेक कडी असते आणि हार्डनरच्या कणाला अनेक हुक असतात असे समजा. प्रत्येक हुकाला एकच कडी लागते. कड्या आणि हुक सारखे असले तर साखळी पूर्ण होते. हार्डनर कमी पडला तर कड्या मोकळ्या राहतात आणि लेप चिकट राहतो. हार्डनर जास्त झाला तर हुक मोकळे राहतात. तोही लेप मऊ राहतो, पाणी पितो, पांढरा पडतो आणि सुटतो. आमच्या वल्ह्यांचे हेच झाले होते.

म्हणून इपॉक्सीला 'वाळला का?' असे विचारू नये, 'पक्का झाला का?' असे विचारावे. वाऱ्याने तो पक्का होत नाही. पंखा लावून उपयोग नाही. त्याला दोनच गोष्टी लागतात : बरोबर प्रमाण आणि पुरेशी ऊब.

पॉलिएस्टरची सवय नडते

आपल्याकडील बहुतेक फायबर कारागीर पॉलिएस्टर रेझिनवर शिकलेले असतात. त्यात कोबाल्टचे ॲक्सिलरेटर असते आणि एक-दोन टक्के कॅटॅलिस्ट घालतात. थंडी असली की थेंब वाढवायचे, ऊन असले की कमी करायचे. पॉलिएस्टरमध्ये हे चालते, कारण तेथे कॅटॅलिस्ट हा फक्त काडी लावणारा असतो. मर्यादेत कमी-जास्त झाला तरी वेग तेवढा बदलतो.

इपॉक्सीचा हार्डनर हा काडी लावणारा नाही. तो साखळीचा अर्धा भाग आहे. तो वाढवून वेग वाढत नाही, माल बिघडतो. वेग हवा असेल तर कंपनीचा 'फास्ट' हार्डनर घ्यावा किंवा शेड गरम करावी. ही एक गोष्ट ध्यानात राहिली तरी निम्मे नुकसान थांबेल.

दोन सूचना येथेच देणे बरे. पहिली, कोबाल्ट आणि पॉलिएस्टरचा कॅटॅलिस्ट हे दोन्ही कधीही थेट एकमेकांत मिसळू नयेत. त्याने स्फोट होऊन माणसे भाजतात. दुसरी, थर्माकोलच्या गाभ्यावर पॉलिएस्टर ओतले तर थर्माकोल विरघळून जाते. तरंगणाऱ्या फळ्या किंवा थर्माकोल भरलेले तराफे करताना इपॉक्सीच वापरावी लागते.

अंदाज नको, काटा हवा

घरोघरी माहीत असलेल्या ॲराल्डाइटच्या दोन ट्यूबांतून सारखा सारखा माल पिळतात. बाझलच्या सीबा कंपनीने १९४६ साली बाजारात आणलेले हे नाव इतके रुजले, की इपॉक्सी म्हणजे निम्मे-निम्मे असाच समज झाला. हा समज चुकीचा आहे. काचेच्या कापडाबरोबर वापरायच्या कित्येक पातळ रेझिनना शंभर भागांस फक्त दहा ते तेरा भाग हार्डनर लागतो. कोणाला शंभरास पन्नास, कोणाला शंभरास पंचवीस. प्रत्येक जोडीचे प्रमाण निराळे असते आणि ते डब्यावर किंवा कंपनीच्या पत्रकावर छापलेले असते. एका कंपनीच्या रेझिनला दुसऱ्या कंपनीचा हार्डनर लावू नये.

ते प्रमाण वजनाने दिले आहे की मापाने, हेही पाहावे. येथे फार लोक फसतात. समजा, वजनाने शंभरास दहा सांगितले आहे आणि आपण मापाच्या भांड्याने १०० मिली रेझिन आणि १० मिली हार्डनर घेतला. रेझिन जड असते, १०० मिली रेझिन सुमारे ११५ ग्रॅम भरते. त्याला साडेअकरा ग्रॅम हार्डनर हवा होता. आपला १० मिली हार्डनर भरतो सुमारे ९.८ ग्रॅम. म्हणजे पंधरा टक्के कमी पडला. लेप मऊ राहिला तर त्यात नवल काय?

सांगलीच्या बाजारात हळदीचे सौदे होतात. तेथे काट्यात किलोभराचा फरक पडला तर व्यापारी गप्प बसत नाही. सराफाच्या दुकानात तर गुंजेचा हिशोब होतो. मग आपल्या शेडमध्येच अंदाज का चालावा? दहाव्या भागाचा ग्रॅम दाखवणारा छोटा इलेक्ट्रॉनिक काटा फार महाग नसतो. एका वल्ह्याचे काम दुसऱ्यांदा करावे लागले तर त्यात जो माल आणि मजुरी जाते, त्याचा हिशोब केला की काटा स्वस्तच वाटेल. भिंतीवर एक तक्ता लावावा : ५० ग्रॅमला किती, १०० ला किती, २०० ला किती. हिशोब येत नाही अशी सबब मग उरत नाही.

मोजून झाले की मिसळणे. घड्याळ लावून तीन मिनिटे ढवळावे. भांड्याच्या कडा आणि तळ पट्टीने खरवडून आत घ्यावा. नंतर ते मिश्रण दुसऱ्या स्वच्छ भांड्यात ओतून पुन्हा मिनिटभर ढवळावे, कारण पहिल्या भांड्याच्या कडेला न मिसळलेले रेझिन चिकटून असते. ब्रशने शेवटी तेच उचलले जाते आणि पक्क्या लेपात मधेच चिकट डाग राहतात. डाग-डाग चिकट असतील तर मिसळण्यात चूक आहे. सगळाच लेप चिकट असेल तर प्रमाणात किंवा उबेत चूक आहे, असे समजावे.

एका वेळी थोडेच मिश्रण करावे. पेल्यात गोळा होऊन राहिलेली इपॉक्सी स्वतःच्या उष्णतेने तापते, धूर सोडते आणि हातात दगड होते. उथळ ट्रेमध्ये पसरून ठेवली तर जास्त वेळ टिकते.

थंडी, पाऊस आणि दव

उष्णतामान दहा अंशांनी वाढले की हा मिलाफ साधारण दुप्पट वेगाने होतो आणि दहा अंशांनी उतरले की निम्म्या वेगाने. २५ अंशांना जो लेप सात दिवसांत पूर्ण पक्का होतो, त्याला १५ अंशांना दोन आठवडे लागू शकतात. दहा अंशांच्या खाली बरेचसे हार्डनर जवळजवळ थांबूनच जातात. महाबळेश्वर-तापोळ्याच्या हिवाळ्यात उघड्यावर काम करणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे. थंडीत डब्यातील रेझिन कधी दुधाळ, रवाळ होते. ते खराब झाले म्हणून फेकू नये. घट्ट झाकलेला डबा ५० ते ६० अंशांच्या गरम पाण्यात ठेवावा, पारदर्शक झाले की निववून वापरावे.

पावसाळ्याचा त्रास दुसरा आहे. दमट हवेतील पाणी आणि कार्बन डायऑक्साइड ताज्या लेपावरील हार्डनरशी जुळतात आणि वर मेणचट, तुपकट साय येते. आत लेप पक्का असतो, पण वर हात घसरतो. त्यावर तसाच दुसरा थर दिला तर तो पकड घेत नाही आणि पुढे सुटतो. ही साय पॉलिशपेपरने घासू नये, कागद भरतो आणि मेण पसरते. आधी स्वच्छ पाण्याने आणि घासणीने धुवावे, कोरड्या फडक्याने पुसावे आणि मगच घासावे. थिनरपेक्षा येथे साधे पाणीच चांगले काम करते.

हवेत ८५ टक्क्यांहून जास्त आर्द्रता असताना लेप देऊ नये आणि ज्या वस्तूला लेप द्यायचा ती दव पडण्याच्या उष्णतामानापेक्षा किमान तीन अंश गरम असावी, असा या धंद्यातील नियम आहे. उदाहरण पाहा. शेडमध्ये २४ अंश आणि ९० टक्के आर्द्रता असेल तर सुमारे २२ अंशांनाच दव धरते. म्हणजे थोडी गार झालेली वस्तू डोळ्यांना कोरडी दिसली तरी अंगाला ओल धरून असते. तीच हवा ३० अंशांपर्यंत गरम केली की आर्द्रता साधारण ६३ टक्क्यांवर येते. म्हणून पावसाळ्यात ताडपत्रीची छोटी खोली करून आत विजेचा हिटर किंवा बल्ब लावावेत. कोळशाची शेगडी, रॉकेलचा स्टोव्ह किंवा गॅस आत पेटवू नये. जळताना त्यातून वाफ आणि कार्बन डायऑक्साइडच बाहेर पडतो, म्हणजे जे टाळायचे तेच आपण घरात आणतो. बंद जागेत जिवालाही धोका असतो. थिनर, ॲसिटोनचे डबे हिटरपासून दूर ठेवावेत, हे सांगायला नकोच.

काम सकाळी हवा तापल्यावर सुरू करावे आणि अशा बेताने संपवावे की दव पडण्याआधी लेपाने अंग धरलेले असेल. हार्डनरच्या बाटलीचे झाकण काम संपताच घट्ट लावावे. उघड्या बाटलीतील हार्डनर गढूळ होतो आणि तोंडाशी पांढरी खपली धरते.

खालची बाजू तयार नसेल तर

लेप कितीही पक्का झाला तरी खालच्या लाकडाने धरले नाही तर व्यर्थ. लाकडात ओलावा बारा टक्क्यांहून कमी असावा. पाण्यातून काढलेले वल्हे दोन दिवस उन्हात ठेवले म्हणजे कोरडे झाले, असे नाही. जाड लाकडाला आतून वाळायला सावलीत काही आठवडे लागतात. जुने अळशीचे तेल, लाख, मेण किंवा सिलिकॉनचे पॉलिश पूर्ण काढावे; तेलकट अंगावर इपॉक्सी माशाच्या डोळ्यासारखे गोल सोडून मागे सरते. ८० नंबरच्या पॉलिशपेपरने खरबरीत करावे, धूळ झाडावी, ॲसिटोनने पुसून कोरडे होऊ द्यावे. कोकणातून आलेली होडी असेल तर आधी गोड्या पाण्याने मीठ धुऊन टाकावे. जुन्या फायबर होडीच्या चिरेत लांबी भरण्याआधी आतला ओलावा काढावा. वर लांबी आणि आत पाणी ठेवले तर फोड येणारच.

लाकूड तापत असताना पहिला थर दिला तर लाकडातील हवा फुगून बुडबुडे येतात. म्हणून लाकूड आधी गरम करावे, हिटर बंद करावा आणि ते निवू लागले की पहिला थर पातळ द्यावा. गार होणारे लाकूड लेप आत ओढून घेते. दुसरा थर पहिला अजून नखाचा ठसा घेतो आहे तोवर द्यावा, म्हणजे दोन्ही थर एकजीव होतात. चोवीस तासांपेक्षा जास्त वेळ गेला तर धुऊन, घासून मगच द्यावा.

चिकट राहिलाच तर

घाबरून वरून नुसता हार्डनर चोळू नये. पावडर तर नकोच. आधी कारण ओळखावे. वस्तू ४०-५० अंशांच्या उबेत सहा-आठ तास ठेवावी. उबेने लेप कडक झाला, तर प्रमाण बरोबर होते, थंडीने अडले होते. उब देऊनही मऊच राहिला, तर प्रमाण चुकले. मग दुसरा उपाय नाही. पट्टीने खरवडून सगळा काढावा, ॲसिटोनने पुसावे आणि नव्याने करावे. चिकट थरावर चांगला थर चढवला तर वरचा चांगला थरही खालच्याबरोबर जातो.

मात्र ऊब एकदम देऊ नये. कच्च्या लेपाला एकदम ६० अंश दिले तर तो मऊ होऊन ओघळतो. आधी साध्या हवेत रात्रभर बसू द्यावा, नंतर हळूहळू उष्णता वाढवावी.

लेप पक्का झाला की नाही याच्या तीन सोप्या चाचण्या आहेत. नखाने दाबावे, ठसा उठू नये. ॲसिटोनमध्ये बुडवलेला कापूस थोडा वेळ घासावा, लेप चिकट किंवा मऊ होऊ नये. आणि प्रत्येक घाणीतील थोडे मिश्रण लाकडाच्या पट्टीवर लावून तिच्यावर तारीख व वजने लिहून ठेवावी. ही पट्टी एक दिवस बादलीत बुडवावी. ती पांढरी पडली तर गिऱ्हाइकाच्या वल्ह्याचेही तेच होणार आहे, हे आपल्याला त्याच्या आधी कळते.

उन्हाची चादर

इपॉक्सी पाण्याला भीत नाही, पण उन्हाला भिते. उघड्या उन्हात काही महिन्यांत ती पिवळी पडते, वरून खडूसारखी भुकटी सुटते आणि लेप कमजोर होतो. म्हणून शेवटी उन्हापासून रक्षण करणारा पॉलियुरेथेनचा रंग किंवा वॉर्निश दोन-तीन हात द्यावा. वर्षातून एकदा तेवढाच थर नवा करावा, खालची इपॉक्सी मग वर्षानुवर्षे टिकते. हे गिऱ्हाइकालाही सांगावे. त्यातून दरवर्षीचे कामही मिळते. लाइफ जॅकेटला मात्र रंग, लेप, थिनर काहीही लावू नये. फाटले असेल तर दुरुस्तीच्या भानगडीत न पडता नवे घ्यायला सांगावे.

हात जपा

हार्डनर हाताला लागत राहिला तर काहींच्या अंगावर पुरळ उठते, खाज सुटते. एकदा का शरीराने तो नाकारला की पुढे थोड्या वासानेही त्रास होतो आणि कित्येकांना धंदा सोडावा लागतो. नायट्राइलचे हातमोजे वापरावेत. हात थिनर किंवा ॲसिटोनने धुऊ नयेत, त्याने माल कातडीत अधिक मुरतो. साबण आणि पाणी वापरावे. अर्धवट पक्का लेप घासताना तोंडाला चांगला मास्क असावा, कारण ती धूळ जास्त बाधते.

आपल्या कारागिरांना आणखी एक अडचण येते. हातावर, नखांवर इपॉक्सीचा थर बसला की वुजूचे पाणी कातडीपर्यंत पोहोचत नाही. मग जुहरच्या वेळी कारागीर पटाशीने नखे खरवडत बसतो. निघतच नसेल तर काय करावे, हे आपल्या जवळच्या उलेमांना विचारावे. पण हातमोजे घातले तर हा प्रश्नच उद्भवत नाही; कातडी वाचते आणि नमाजही निश्चिंतपणे होते.

सात दिवसांचा शब्द

शेवटची आणि सर्वांत अवघड गोष्ट म्हणजे गिऱ्हाइकाची घाई. लेप दुसऱ्या दिवशी कोरडा दिसतो, हाताला लागत नाही. गिऱ्हाईक म्हणते, "द्या की आता." पण आत अजून साखळी पूर्ण व्हायची असते. साध्या हवेत सात दिवस वस्तू पाण्यात घालू नये. शर्यत चार दिवसांवर असेल तर काम घेतानाच तसे सांगावे आणि उबेच्या खोलीत नीट पक्के करण्याची मजुरी वेगळी लावावी, नाहीतर काम सोडून द्यावे. सर्वांत उत्तम म्हणजे होडी संघ, ग्रामपंचायती आणि बोट क्लब यांच्याकडे मार्च-एप्रिलमध्येच जाऊन काम मागावे. तेव्हा हवा कोरडी असते, पत्र्याची शेडच भट्टी बनते आणि पावसाळ्याआधी माल तयार होतो. पावतीवर काम पूर्ण झाल्याची आणि पाण्यात घालण्याची अशा दोन तारखा लिहाव्यात.

माप-तोलात कसर करणाऱ्यांची कुरआनने किती कडक शब्दांत निर्भर्त्सना केली आहे, हे सूरह मुतफ्फिफीन वाचणाऱ्याला माहीत आहे. आपण ती आयत तागडीच्या दुकानदारापुरती समजतो. शेडमधील प्रमाण चुकवणे हीही मापातील कसरच आहे, कारण तिचा तोटा घेणाऱ्याच्या गळ्यात पडतो. हदीसमधील तो प्रसंगही आपण ऐकलेला आहे. प्रेषित मुहम्मद (स.) बाजारातून जात असता त्यांनी धान्याच्या राशीत हात घातला. वरचे धान्य कोरडे होते, आतले ओले निघाले. विक्रेत्याने कारण सांगितले पावसाचे. ओले झालेले धान्य वर का ठेवले नाही, म्हणजे लोकांना दिसले असते, असे प्रेषितांनी त्याला विचारले आणि फसवणाऱ्याशी आपले नाते नाही, हे स्पष्ट केले.

पाऊस पडला हा त्या विक्रेत्याचा दोष नव्हता. ओले झाकले, हा दोष होता. आमच्या शेडमध्येही त्या जुलैत पाऊसच पडत होता आणि आम्ही पावडर चोळली होती. त्यानंतर शेडमध्ये काटा आला, भिंतीवर तक्ता लागला आणि तारखेच्या पट्ट्यांचा जुडगा खिळ्याला टांगला गेला. चिकट राहिलेले काम आता गिऱ्हाइकाला दाखवून, खरवडून, पुन्हा करून दिले जाते. त्यात कधी आठवडा जातो, पण माणूस परत येतो. शिकलगारांच्या हातांनी एकदा तलवार सोडून सतार घडवली आणि नाव मिळवले. होडी-वल्ह्यांच्या कामातही आपल्या तरुणांना नाव मिळवता येईल, फक्त माप बरोबर ठेवावे आणि सात दिवस धीर धरावा. अल्लाह आपणा सर्वांच्या हलाल रोजीत बरकत देवो.